मावशीच्या गाडीचे डोळे मी घालवले

अन्याय माझ्या सुमनमावशीवर झाला. गेल्या रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, हसनाबादेत, तिच्या स्वतःच्या ओट्यासमोर. साक्षीदार होते. अन्याय करणारी व्यक्ती अजून मोकाट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते आहे आणि आत्ता हे लिहिते आहे.

मी पत्रकं काढते. बसस्टँडवर बायकांना मुतारी नाही, काढ पत्रक. शाळेच्या टाकीला झाकण नाही, काढ पत्रक. (घरच्यांच्या मते मला सर्दी झाली तरी मी आधी निवेदन लिहीन आणि मग नाक पुसेन.) यंदाचं पत्रक गाड्यांच्या लाइटांविरुद्ध होतं. भोकरदन रस्त्यावर समोरून येणारा माणूस आपल्याला आंधळं करून पुढं जातो आणि आपण गप्प बसतो, हे किती दिवस चालायचं? मागणी साधी होती: जुन्या ट्रकांना असायची तशी काळी पट्टी प्रत्येक लाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर लावा! पट्ट्या रेडियमच्या दुकानातून कापून घेतल्या. दुकानदारानं विचारलं, गम साधा पाहिजे का पक्का? मी म्हटलं, सरकार बदललं तरी निघता कामा नये असा द्या. माणूस फार प्रामाणिक निघाला.

पहिली पट्टी घरच्या गाडीला लावायची, हे माझं तत्त्व. माझ्या घरी गाडी नाही, म्हणून मावशीच्या गाडीला लावली. (तत्त्व आपलं आणि गाडी दुसऱ्याची, हे चळवळीत चालतं.)

मावशी केदारखेड्याच्या शाळेत शिकवते. ही छोटी पांढरी गाडी तिनं जुनी घेतलेली, स्वतःच्या पगारातून. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली, लायसन काढलं, आणि तेव्हापासून पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसते आहे, कारण स्टेअरिंग काका सोडत नाहीत. यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. सोमवारी जालन्याला आरटीओचं पुन्हा पासिंग होतं. काकांनी चार लोकांत जाहीर केलं, पास झाली तर चावी तुझी, नापास झाली तर सरळ भंगारात. मावशीनं ब्रेक करून घेतले, टायर बदलले, बंद पडलेला हॉर्न सुरू करून घेतला. राहिल्या होत्या फक्त माझ्या पट्ट्या. पासिंगला लाइट स्वच्छ लागतात असं कळल्यावर तिनं मला फोन केला: तूच लावल्या, तूच काढ. मागणी रास्त होती. मी सकाळची पहिली बस धरली.

पट्टीनं अख्खा उन्हाळा त्या लाइटवर काढला होता. ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघाली आणि खाली राहिला गम, करडा आणि ओला. दहा मिनिटांत त्याला कापसाचे तंतू चिकटले, एक कोंबडीचं पीस चिकटलं आणि एक मुंगळा. (मुंगळ्याची मी सुटका केली. तेवढंच त्या दिवसाचं माझं यश.)

मावशीनं वाटीत खोबरेल आणून माझ्याजवळ ठेवलं. म्हणाली, "हे लाव अन् तासभर राहू दे. बरण्यांवरचे कागद मी असेच काढते. आपोआप सुटते."

मी तिला समजावून सांगितलं की असल्या घरगुती उपायांतच बाईचं आयुष्य जातं. माझ्या पिशवीत बॅनर रंगवायचं थिनर होतं. त्याच थिनरनं मी गेल्या वर्षी खिडक्यांच्या काचांवरचे स्टिकर चकाचक काढले होते. मावशी पुन्हा म्हणाली, ही काच न्हाई, प्लास्टिक हाय, जरा बघ. मी म्हटलं, "मावशी, तू टेन्शन नको घेऊ." (पुरुष हे वाक्य बायकांना कसं ऐकवतात, यावर माझं अर्ध्या पानाचं पत्रक आहे. मागितल्यास मिळेल.)

थिनर लावलं आणि गम गेला! जागच्या जागी गेला. शेजारणी बघायला आल्या, तेव्हा मी दोन शब्द बोलले. बोलता बोलता दुसरा लाइटही पुसून घेतला, कारण दोन्ही बाजूंना समान न्याय मिळाला पाहिजे. माझे दोन शब्द संपेपर्यंत पहिला लाइट वाळला होता.

वाळून तो पांढरा झाला होता. दूध ओतल्यासारखा. मला वाटलं वरवरचा थर असेल, म्हणून आणखी थिनर घेऊन जोरात घासलं. तर फडकंच चिकटलं, आणि ओढून काढल्यावर त्याची वीण प्लास्टिकवर उमटली. शेजारी माझा अंगठा उमटला होता. तलाठ्यानं सातबाऱ्यावर घ्यावा इतका स्वच्छ अंगठा. तोवर दुसरा लाइटही त्याच वाटेला लागला.

काका चहाचा कप घेऊन बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. घाई बिलकुल नव्हती.

"दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

"बराबर. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असता तर दुसऱ्यानं दिसलं असतं ना."

त्यांनी लाइट लावून पाहिले. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब पेटावा तसा उजेड पडला, तोही बंपरपर्यंतच.

मावशीनं वाटीतलं खोबरेल परत बाटलीत ओतलं. हळूहळू, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाटी धरून उभी राहिली. मला ते बघवेना, म्हणून मी बोलायला लागले: कंपन्या असलं हलकं प्लास्टिक वापरतात, ग्राहकाची ही फसवणूक आहे, यावर आपण...

"गप बस जरा," मावशी म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, "तू लिहीत असती ना, बायांचं कोणी ऐकून घेत न्हाई म्हणून. मी तुला दोनदा सांगितलं. दोनदा. तू ऐकलं का मंग?"

तहसीलच्या साहेबापासून ठाण्याच्या हवालदारापर्यंत सगळ्यांना मी तोंडावर उत्तर दिलं आहे. त्या ओट्यासमोर मी थिनरचं झाकण लावलं आणि पिशवी उचलली. परतीच्या बसमध्ये माझ्या हाताला थिनरचा असा वास येत होता की शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. मला ते योग्यच वाटलं.

सोमवारी पासिंग झालं नाही. साहेबांनी वाकून लाइटवरचा माझा अंगठा बराच वेळ पाहिला आणि लाइट बदलून पंधरा दिवसांत परत या म्हणाले. काकांना ऐकू आलं, नापास. मावशीला ऐकू आलं, पंधरा दिवस. दोघांचं त्यावर अजून चालू आहे. जालन्याच्या मिस्त्रीनं पाणीपेपरनं घासून पाहिलं, तेव्हा पांढरेपणा थोडा गेला आणि खाली केसासारख्या चिरा निघाल्या. त्या मॉडेलचे नवे लाइट आता येत नाहीत. पंधरापैकी पाच दिवस गेले. गाडी ताडपत्रीखाली आहे आणि मावशी रोज टमटमनं शाळेत जाते आहे.

म्हणून हे पत्रक. तुमच्या गाडीवर माझी पट्टी असेल तर तिला खोबरेल लावा, तासभर धीर धरा आणि मऊ कापडानं पुसा. थिनर घरातही ठेवू नका. आणि तुमच्या किंवा तुमच्या मेव्हण्याच्या गोठ्यात तसली जुनी छोटी गाडी भंगार होऊन पडली असेल, तर तिच्या लाइटची जोडी येत्या शनिवारच्या आत हसनाबादला आणून द्या. कुठलं मॉडेल, कसे लाइट, ते मावशीला विचारा. मला विचारू नका. मी लगेच सांगायला लागेन.