सकाळचा भाव

नववीत शाळा सुटली आणि मी परभणीकडची मुलगी वेल्ह्याला मावशीकडे आले. बाजारातल्या तांदळाच्या दुकानात काम मिळालं, दारातल्या फळ्यावर खडूने भाव लिहायचं. एकदा दुपारी भाव चढल्याचं कळलं म्हणून मी फळा पुसायला घेतला, तर दुकानदार काका खेकसले, "आगं ए पोरी, ठेव ते फडकं! सकाळी लिवला तो दिवे लागंपातूर. मधीच पुसला तर गिऱ्हाईक म्हणंल, म्हातारा शब्दाला फिरला." तो नियम माझ्या अंगात मुरला.

तिथून मला भोरच्या ताईंनी बाहेर काढलं. त्या तांदूळ घ्यायला यायच्या. भावाखाली मी 'नवा तांदूळ आहे, पाणी बेतानं घाला' असं लिहायचे, ते वाचून म्हणाल्या, "मला असंच लिहिणारं माणूस पाहिजे." एका कंपनीसाठी त्या घरी बसून माहितीपत्रकं लिहीत. कंपनीचं क्रिप्टो नाण्यांचे बाजारभाव आणून देणारं एक साधन होतं, पण ते वापरणार एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारे प्रोग्राम. कुठली आज्ञा कधी द्यायची, हे तो एजंट आमचा कागद वाचून ठरवणार. मी मराठीत लिहायचं, ताईंनी इंग्रजीत करायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माणूस अडलं की विचारतं. हा विचारत नाही बघ. लिहिलंय तसं करतो."

भावाच्या आज्ञेपुढे मी लिहिलं, 'भाव सकाळी एकदा घ्यावा आणि दिवसभर तोच सांगावा.' आकडे क्षणाक्षणाला हलताना मी पाहिले होते. पण मला वाटलं, ती आतली घासाघीस असेल, गिऱ्हाइकाला सांगायचा भाव एकच. कुणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. ताईंच्या सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. दोन डब्यांच्या मधल्या वेळात त्यांनी माझं पान इंग्रजीत केलं. आधीची पानं बरोबर निघाली होती, म्हणून हे तपासलं नाही.

कंपनीने ग्राहकासमोर चाचणी घेतली. दुपारपर्यंत भाव कितीतरी हलला होता; विचारलं, तर एजंटने सकाळचाच सांगितला. परत विचारलं, परत तोच. मग ताईंच्या लॅपटॉपवर बैठक झाली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी वही घेऊन बसले होते, कॅमेऱ्यात दिसत नव्हते. पलीकडून साहेबांनी विचारलं, "ही ओळ कुणाची?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी," म्हणाल्या.

मी तोंड उघडायला हवं होतं. आपली नववी, आपलं काम, परत तो फळा, एवढंच डोक्यात फिरत राहिलं आणि बैठक संपली.

आठवड्यात ताईंचं काम गेलं. पानं दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं, ताईंची मदतनीस म्हणून कंपनीकडे माझं नाव होतं, त्यांनी मला विचारलं. इंग्रजी आता यंत्रच करणार होतं. मी त्याच दिवशी हो म्हणाले. गावी आई शेजारणींना सांगते, लेक कॉम्प्युटरवर आहे. ज्यांच्यामुळे आहे, त्यांच्या जागेवर आहे, हे तिला सांगितलेलं नाही.

चार महिने ते आत खात राहिलं. शेवटी साहेबांना फोनवर सांगितलं की ती ओळ माझी होती. ते म्हणाले, "हं. ते आता जुनं झालं. नव्या आज्ञांची पानं कधी देताय?"

मग नसरापूरला गाडी बदलून भोरला गेले. ताईंनी चहा टाकला. मी साहेबांना सांगितलं तेही सांगितलं, ते काय म्हणाले तेही.

"तुला आत्ता सांगवलं होय?" ताई म्हणाल्या. "त्या दिवशी बोलली असतीस तर दोघी गेलो असतो, म्हणून मीच गप्प बसू दिलं तुला. पण दुसऱ्या दिवशी तरी येशील, 'ताई, मी बोलते' म्हणशील, असं वाटलं होतं. आठ दिवस दाराकडं बघत होते मी."

"ताई, मी भ्याले होते."

"भ्यालीस, व्हय. आणि कामाला हो म्हणताना?"

ताई उठल्या, आणि माझ्या कपात अजून अर्धा चहा होता तरी तो उचलून मोरीत ठेवून आल्या.