सांगून मारणारी आजी

आमची आजी सांगून मारायची. आधी तीनदा ओरडायची, "बार हाय! बार हाय! बार हाय!" आणि मग मारायची. तिसऱ्या हाकेनंतर तिने कोणाला सोडल्याचं मला आठवत नाही. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत सगळे तिला 'बारवाली आजी' म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

हाक खाणीतली; बार म्हणजे सुरुंगाचा स्फोट. पवईच्या मागे दगडाच्या खाणी होत्या तेव्हा ती तिथे खडी फोडायला जायची. सुरुंगाला बत्ती देण्याआधी मुकादम तीनदा ओरडे आणि माणसं लांब पळत. अख्ख्या खाणीत आजीला न्यायाची अशी ही एकच गोष्ट वाटली. "माझा नवरा न सांगता मारायचा," ती म्हणायची. "भाकर थापताना मारायचा, झोपेत मारायचा. दगड फोडायच्या आधी सांगत्यात, आन बाईला न्हाई?" खाणीच्याही आधी, एके दिवशी दोन वर्षांच्या लेकाला, म्हणजे माझ्या बाबांना, काखोटीला मारून ती जालन्याकडच्या गावातून निघाली आणि मोसंब्यांच्या ट्रकमध्ये चढली. मुंबई कोणत्या दिशेला आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. ट्रक घाटकोपरला रिकामा झाला, म्हणून ती घाटकोपरची झाली.

खाण बंद पडली तरी तिचा हातोडा घरातच राहिला. पिठाच्या डब्यामागे, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. एकदा नळावर एका दांडगटाने माझ्या आईची कळशी लाथाडली आणि तिची वेणी धरून तिला रांगेबाहेर खेचलं. आजी हातोडा घेऊन उतरली. पहिल्या हाकेला तो हसला, दुसऱ्या हाकेलाही हसला. तिसरी झाली आणि हातोडा त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. रक्त नळाच्या पाण्यात वाहत गटारापर्यंत गेलं. आजीने कळशी धुतली, भरली आणि आईच्या डोक्यावर ठेवली. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला ते दृश्य फार आवडलं होतं, हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही.

बाबा रिक्षा चालवायचे आणि आईला मारायचे. दोन्ही एका दमात लिहिते, कारण दोन्ही रोजचंच होतं. आजी कामावर असेल ती वेळ ते बरोबर साधायचे. एका संध्याकाळी भाजी अळणी झाली म्हणून त्यांनी आईचं डोकं चौकटीवर आपटायला घेतलं, आणि नेमकी आजी लवकर परतली. ती उंबऱ्यातूनच ओरडली. एक. दोन. बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्या हाकेनंतर हाड मोडल्याचा जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. बाबा कोपर धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे "माय, माय" करत राहिले. माय समोरच उभी होती, हातोडा घेऊन.

मग दीड महिना तिने त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं. वरणभात कालवून, मिरची बाजूला काढून. मी चिडून विचारलं, "ह्यांना कशाला भरवतेस गं?"

"हात मोडला म्या," ती म्हणाली, "पोट न्हाई मोडलं. लेकरू हाय माझं."

घास देताना तिचे डोळे वाहत होते. बाबांचेही. मला मात्र तेव्हा दोघांपैकी कोणाचीच दया आली नाही.

त्यानंतर बाबांनी आईला मारलं नाही. पण हात उचलला जायचा. कोपऱ्यातून आजीची एक हाक आली की खाली यायचा. राग काही गेला नव्हता, हात तेवढा थांबला होता, आणि आईला हे पक्कं माहीत होतं. वस्तीच्या जागी इमारत झाली, आम्ही सातव्या मजल्यावर गेलो, मला पवईत नोकरी लागली ("तुझ्या हापिसाखाली माझी खडी हाय," हे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची). तरी आजीच्या पायाला तेल लावताना आई विचारायचीच, "आत्याबाई, तुमच्यामागं माझं काय?"

आजी तेव्हा पाय आखडून घ्यायची. बाकी कशाला ती डरायची नाही. आमच्या ऑफिसच्या सहलीला आली, तर पंचाहत्तरीच्या आसपास कासोटा घट्ट मारून दोरीला लटकून दरी ओलांडायला उभी राहिली. उडी घेण्याआधी तीनदा अशी ओरडली की पट्टे बांधणारा तरुण घाबरून मागे सरकला. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "झकास! अजून एकदा." आईच्या प्रश्नाला मात्र ती डरायची.

शेवटच्या वर्षी तिने आईला शिकवायला घेतलं. रोज सकाळी गच्चीवर. "वरड, सुमन!" आई ओरडायची, पण आवाज पाण्याच्या टाकीपलीकडे जायचा नाही. "तुझ्या वरडण्यानं उंदीर बी हलायचा न्हाई गं," आजी वैतागायची. "आन ध्यानात ठेव. तीन म्हनलं की मारायचंच. एकदा नुसतं म्हनून सोडलं, की पुन्हा कुनी ऐकत न्हाई." आई मान हलवायची आणि रडायची. एका सकाळी आजी गच्चीवर गेली नाही. संध्याकाळपर्यंत गेलीच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात आले. "तो हातोडा काढ. भंगारात देतो." आईने डब्यामागून फडकं काढलं, सोडलं, पण हातोडा दिला नाही. "राहू द्या." बाबांनी डावा हात ओट्यावर टेकला आणि उजवा उचलला. कोपऱ्यात आता कोणी नव्हतं.

"बार हाय," आई म्हणाली. अगदी हळू, मीठ मागावं तसं.

"तू? तू मारणार मला?"

"बार हाय."

मी दारात होते. पुढे व्हायला हवं होतं. मी चौकट धरून राहिले.

"बार हाय."

हातोडा ओट्यावर पडला आणि कडप्पा कोपऱ्यापासून मधोमध चिरला. बाबांनी डावा हात जेमतेम मागे घेतला होता. ते त्या हाताकडे बघत राहिले, पाचही बोटं उघडमीट करत. आईने हातोडा खाली ठेवला नाही.

ओटा आम्ही अजून बदललेला नाही. रोज सकाळी बाबा त्या चिरेपाशी उभे राहून चहा गाळतात. पहिला कप आईला देतात.