नंबर येईपर्यंत

आमच्या विमानाच्या शेपटीवर मोठ्या कंपनीचा रंग असायचा आणि अंगावर मोठ्या कंपनीचं नाव. तिकिटावरही तेच. आमच्या छोट्या कंपनीचं नाव दरवाजाजवळ, बारीक अक्षरांत. आत शिरताना उंच माणसाचं डोकं छताला आपटायचं आणि मग तो कॉकपिटकडे असा बघायचा, की जणू छत मीच खाली आणलंय. अशा विमानांत मी बारा वर्षं काढली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये मात्र आईबाबांच्या ओळखीतले सगळे मला मोठ्या कंपनीचाच पायलट समजत होते. बाबा कधी खोटं बोलले नाहीत. लोकांचा समज त्यांनी दुरुस्त केला नाही, एवढंच.

सातवीपर्यंत मी नागपुरात शिकलो. मग बाबांना ह्यूस्टनच्या एका फर्ममध्ये पाइपलाइनी डिझाइन करण्याचं काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. ग्रीन कार्डाची फाइल लागली ती त्याच फर्ममार्फत, त्यामुळे फर्म सोडली की फाइल पुन्हा पहिल्यापासून. बाबा त्याच खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांचे साहेब झाली. त्यांच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याची सही जायची आणि ते घरी येऊन शांतपणे जेवायचे. कार्ड यायच्या आधी मी एकवीस वर्षांचा झालो असतो तर त्यांच्या फाइलमधून माझं नाव उडालं असतं, आणि मला एकट्याला परत जावं लागलं असतं. कार्ड आलं ते त्याच्या जरासं आधी. त्या दिवशी बाबांनी ऑफिसला दांडी मारली. मला आठवते ती तेवढी एकच दांडी.

इंजिनिअरिंगची डिग्री घेतली तर पायलट होऊ देईन, ही बाबांची अट मी पाळली. नंतर टेक्ससच्या दमट उन्हाळ्यात दोन सीटच्या विमानात बसून, ओकणाऱ्या विद्यार्थ्यांना उडायला शिकवत उड्डाणाचे तास जमवले. मोठ्या कंपन्या नवख्याला दारात उभं करत नसत. आधी कुठल्यातरी छोट्या कंपनीत, लहान गावांतली माणसं मोठ्या विमानतळावर आणून टाकण्याचं काम करायचं, मग पुढचं बघायचं. मला दोन छोट्या कंपन्यांनी बोलावलं. एकीचा तळ ह्यूस्टनमध्येच होता, म्हणजे घरून कामाला जा, रात्री आपल्या पलंगावर झोपा. तिथे पुढचं आश्वासन काही नव्हतं. अनुभव झाला की हव्या त्या मोठ्या कंपनीत अर्ज करा, इंटरव्ह्यू द्या, तुमचं नशीब.

दुसरीचा तळ शिकागोला. तिच्याकडे एक गोष्ट होती, तिला आमच्या धंद्यात ‘फ्लो’ म्हणतात. तिथे रुजू झालं की मोठ्या कंपनीच्या यादीत आपलं नाव लागतं. वरची माणसं सरकली की आपणही सरकतो, आणि नंबर आला की मोठ्या कंपनीत. इंटरव्ह्यू नाही, ओळखपाळख नाही.

"इंटरव्ह्यू म्हणजे समोरच्याची मर्जी रे," बाबा म्हणाले. "आपलं इंग्लिश, आपला चेहरा, त्याचा त्या दिवशीचा मूड. लिस्ट म्हणजे लिस्ट. लाइनीत उभं राहायचं, लाइन सोडायची नाही. आज ना उद्या नंबर येतोच."

त्यांनी मला ढकललं असं मी म्हणणार नाही. मलाही ते फार आवडलं. वशिला, मर्जी, ओळख ह्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरात न चुकणारी यादी मिळाली की माणसाला देव भेटल्यासारखं होतं. इथे जन्मलेला कुठलाही पोरगा यादीतही राहिला असता आणि बाहेर अर्जही करत राहिला असता. मी यादी धरली आणि शिकागोला गेलो.

पहिली काही वर्षं यादी खरंच सरकत होती. विमानतळाजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही आठ पायलट बंक बेडवर झोपायचो. सुट्टी लागली की ह्यूस्टनच्या विमानात एखादी सीट रिकामी उरते का, ह्याची वाट बघत गेटवर ताटकळायचो. न उरल्यास शिकागोच्या देशी वस्तीत, डेव्हन ॲव्हेन्यूला, बस पकडून जायचो, थाळी खायचो आणि संध्याकाळी पुन्हा गेटवर. दिवाळी मला एकदाही मिळाली नाही. रजा, तळ, विमान, सगळं सिनिऑरिटीप्रमाणे मिळतं, आणि सिनिऑरिटी म्हणजे फक्त रुजू झाल्याची तारीख. तुम्ही किती चांगलं उडवता ह्याच्याशी तिचा काही संबंध नसतो. ‘नंबर आला की’ हे आमच्या घरात पालुपद झालं. नंबर आला की घर, नंबर आला की मूल, नंबर आला की आईबाबांना घेऊन नागपूर. मधल्या काळात माझं लग्न झालं होतं. बायको सुरुवातीला ‘कधी’ म्हणून विचारायची, मग तिने विचारणं सोडलं. घर आणि मूल आम्ही शेवटी वाट न बघताच केलं, कारण ती शहाणी होती.

मग महामारी आली आणि यादी जागच्या जागी थिजली. महामारी ओसरल्यावर उलटंच झालं. मोठ्या कंपन्यांना एकदम इतके पायलट लागायला लागले की त्या कुणालाही घेऊ लागल्या. एव्हाना मी कॅप्टन झालो होतो. माझ्या शेजारी बसणारे को-पायलट, ज्यांना अजून बर्फातलं लँडिंग धड जमत नव्हतं, ते एक सूट शिवून, एक इंटरव्ह्यू देऊन निघून जात होते. ते गेल्यामुळे आमच्याकडे माणसं कमी पडली, आणि म्हणून कंपनीने आम्हा कॅप्टनांना मोठ्या कंपनीकडे सोडायचंच कमी केलं. करारात तशी सोय होती. मी ती रुजू होतानाच वाचली होती, पण शुभकार्याच्या पत्रिकेतली बारीक अक्षरं कोण मनावर घेतं? थोडक्यात, लाइन सोडणारे पोचत होते आणि लाइनीत उभे असणाऱ्यांनाच अडवलं जात होतं, कारण आम्ही उभे होतो.

त्या काळात मिशिगनचा एक शांत मुलगा माझ्याबरोबर खूप उडाला. वाऱ्यात विमान कसं धरायचं ते मी त्याला शिकवलं, हट्टाने, पुन्हा पुन्हा. एकदा पंखांवरचं बर्फ काढायला लागलेल्या रांगेत आम्ही थांबलो होतो, तेव्हा त्याने विचारलं, "कॅप्टन, तू अप्लाय का करत नाहीस?" मी हसलो. म्हणालो, माझा नंबर आता जवळ आलाय, आता कुठे सोडू. त्यानंतर काही महिन्यांत तो गेला, त्याच मोठ्या कंपनीत, जिच्या यादीत मी उभा होतो. म्हणजे आता मी कधीही तिथे पोचलो तरी तो माझ्या पुढे राहणार, माझ्या निवृत्तीपर्यंत. मला त्याचा हेवा वाटला. मी त्याला अभिनंदनाचा मेसेजही पाठवला नाही.

शेवटी मी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला. समोर एक निवृत्त कॅप्टन आणि ऑफिसातल्या एक बाई. माझं रेकॉर्ड त्यांनी उलटसुलट पाहिलं, त्यात बोट ठेवायला काही नव्हतं. मग बाईंनी अगदी सहज विचारलं, "इतका अनुभव आहे, तर इतकी वर्षं तिथेच का राहिलात?"

मी म्हटलं, "माझा नंबर येणार होता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, उलट फार समजूतदारपणे मान हलवली. तेवढ्यानेच मला कळलं. मला जी निष्ठा वाटत होती, ती त्यांना डाग दिसत होती: ह्याला आजवर कुणी घेतलं नाही, तेव्हा काहीतरी असेल. नकाराची ईमेल फारच सभ्य होती. घरी मी इंटरव्ह्यूबद्दल बोललोच नाही.

गेल्या वर्षी नंबर आला. मोठ्या कंपनीच्या नव्या भरतीच्या वर्गात आम्ही बसलो, तेव्हा एक गंमत कळली. एकाच दिवशी रुजू झालेल्यांमध्ये सिनिऑरिटी वयावर ठरते. वर्गात सगळ्यांत म्हातारा मी होतो, म्हणून मी पहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हजारो पायलटांच्या यादीच्या शेपटीला मी टाळ्या घेत उभा राहिलो. कॅप्टनपद गेलं, पुन्हा को-पायलट, पुन्हा फोनची वाट बघत बसण्याची ड्युटी, पुन्हा दिवाळी नाही.

बाबांनी शुगर लँडला जेवण ठेवलं. आईने वडाभात केला. बाबांच्या मित्राची इथेच जन्मलेली मुलगी आली होती, ती आता उडायला शिकतेय, आणि तिला माझ्याच जुन्या छोट्या कंपनीने बोलावलं होतं. वाढता वाढता बाबा तिला म्हणाले, "बघ, पेशन्स ठेवला, म्हणून ह्याचा नंबर आला. तू पण हेच कर. लाइन सोडू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, शुड आय?"

टेबलावरचे सगळे काका-काकू कौतुकाने माझं उत्तर ऐकायला थांबले. मी इंग्रजीत बोललो, तिला एकही शब्द चुकू नये म्हणून. सांगितलं, यादीची वाट बघू नकोस, जी मोठी कंपनी आधी बोलावेल तिच्याकडे जा. उभं राहण्याचं कुणी कौतुक करत नाही. तू जितकी थांबशील, तितकं लोकांना वाटेल की तुला दुसरं कुणी विचारत नाही.

"पण नंबर आला ना तुझा?" बाबांनी मराठीत विचारलं.

"आला ना. सगळ्यांच्या मागे आला. ज्याला मी शिकवलं त्याच्या मागे. लाइनीत उभं राहून साहेब झालेला माणूस तुम्ही तरी पाहिलाय का, बाबा?"

हे बोलायला नको होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. तरी मी वाक्य पूर्ण केलं. एका काकूंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. बाबा चिडले नाहीत. त्यांनी डाव भातात ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आम्हाला लाइन सोडायची सोय नव्हती रे. सोडली असती, तर तुला परत जावं लागलं असतं. तुला ती सोय होती."

मग त्यांनी त्या मुलीला विचारलं, अजून भात वाढू का.