ओडेसाताईंचा शुक्रवारचा सिनेमा

दिवे मालवतात. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका चर्चचं तळघर. भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर, घडीच्या लोखंडी खुर्च्या, शेजारच्या स्वयंपाकघरात तेलात पडणाऱ्या माशाची चुरचुर. आणि दारात, जांभळी हॅट घालून, प्रत्येकाच्या हातात पॉपकॉर्न आणि तिखट सॉसची बाटली देत उभ्या असलेल्या ओडेसा प्रुइट.

ओडेसाताई तरुणपणी मोहल्ल्यातल्या थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायच्या. थिएटर पाडलं, खिडकी गेली, सवय तेवढी राहिली. माणसाचा चेहरा बघायचा आणि त्याला कुठला सिनेमा लागू पडेल ते सांगायचं. नवराबायकोत धुसफूस असेल तर एखादी जुनी, गमतीदार प्रेमकथा. पोरगं हवेत तरंगत असेल तर मुष्टियोद्ध्याचा चरित्रपट, "आणि तो जिंकला की उठायचं नाही, पुढचंही बघायचं." आपल्या कृष्णवर्णीय माणसांनी आपल्या माणसांवर काढलेले सिनेमे त्यांना तोंडपाठ. अट एकच, एकट्यानं बघायचा नाही. म्हणून तर हे शुक्रवारचं तळघर.

यंदा त्यांनी उपचाराला घेतले होते निवृत्त बसचालक क्लिओफस टेट. बायको आयडेला गेल्यापासून हा माणूस मुका झाला होता. एके काळी थिएटरात आयडेला पडद्यावरच्या माणसांना सावध करायची आणि क्लिओफस तिला उलट उत्तर द्यायचे. लोक त्यांच्या मागची रांग मागून घ्यायचे. तो आवाज ओडेसाताईंना पुन्हा ऐकायचा होता.

त्यांनी निवडून निवडून चरित्रपट लावले. शाळामास्तरणीचा, धर्मोपदेशकाचा, ट्रम्पेटवाल्याचा. क्लिओफस यायचे, मासा खायचे, "छान होता" म्हणायचे आणि जायचे. आज तर दारातच म्हणाले, "ताई, पुढच्या शुक्रवारपासून माझी वाट बघू नका. टीव्ही काय, घरीही आहे."

ओडेसाताई तडक स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांची मैत्रीण व्हर्लीन मासे परतत होती.

"व्हर्लीन, माझी निवड चुकतेय गं."

"निवडीचं मला नको विचारूस. मला तर इथून वाटतं, बाहेर मयताची प्रार्थना चाललीय. सिनेमा इतका गप्प बसून कोण बघतं?"

"मीच सांगितलंय सगळ्यांना. आवाज करू नका, क्लिओफसभाऊ दुःखात आहेत."

"दुःख तो घरी करतोच की, फुकट. इथे तो कशाला येतो मग?"

ओडेसाताईंनी डोक्यावरची हॅट सरळ केली. मग बाहेर येऊन त्या क्लिओफसच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची आजवर कुणी घेतलेली नव्हती.

चादरीवर एका गायिकेचं आयुष्य सुरू झालं. गाव सुटलं, शहर आलं, पहिली टाळी आली. आणि मग चकचकीत बुटांचा मॅनेजर आला. त्याने टेबलावर करार सरकवला, वर पेन ठेवलं.

"पोरी, सही करू नकोस," ओडेसाताई मोठ्यांदा म्हणाल्या.

तळघरातल्या माना वळल्या. क्लिओफस हलले नाहीत.

"आधी वाच तरी. त्याचे बूट बघ. असे बूट घालणारा माणूस तुझ्या आईच्या मयताला तरी येईल का?"

मागून कुणीतरी हसलं. "बरोबर आहे, ताई. सांगा तिला."

"अगं, वकिलाला दाखव," तिसऱ्या रांगेतून आलं.

गायिकेने पेन उचललं. सगळं तळघर एका सुरात "नको, नको" म्हणू लागलं. आणि त्या गलक्यातून एक जाड, गंजलेला आवाज आला.

"करू द्या हो तिला सही. नाही केली तर आपण सगळे आत्ताच घरी. मासा तर अजून तळून व्हायचाय."

हशा इतका उसळला की पुढचा संवाद कुणालाच ऐकू आला नाही. व्हर्लीन झारा हातात घेऊन दारात आली. क्लिओफसनी डोळे पुसले, आणि मॅनेजरला त्याच्या बुटांपासून टोपीपर्यंत असं सोलून काढलं की शेवटाला गायिका पुन्हा उभी राहिली तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

दिवे लागले. ओव्हरकोट चढवत क्लिओफस म्हणाले, "सिनेमा काही खास नव्हता, ताई."

"नव्हताच," ओडेसाताई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी पुढच्या रांगेत बसू. इथून तुमचं बोलणं त्या पडद्यातल्या लोकांपर्यंत पोचत नाही."