बंद पडेपर्यंत चालू

पदनाम: वरिष्ठ मापन सहायक, कृत्रिम अवयव कार्यशाळा, सरकारी रुग्णालय. वय: सेवापुस्तकानुसार पन्नाशीच्या पुढे, जिना चढताना तिशीतलं. वर्तणूक: समाधानकारक. ओळखीची खूण: नखांत सुकलेलं प्लास्टर. ताब्यातील सरकारी वस्तू: टेबल एक, खुर्ची एक (डावा हात गहाळ), लॅपटॉप एक, सुस्थितीत.

यातला 'सुस्थितीत' हा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं होतं.

सगळं रुग्णालय त्यांना मापबाई म्हणे. कापलेल्या पायाचं माप घेऊन त्याचा आकार लॅपटॉपवर घडवायचा, मग तो शेजारच्या कोरणी यंत्राला पाठवायचा, हे त्यांचं काम. यंत्र त्या आकाराचा साचा कोरतं आणि साच्यावरून सॉकेट तयार होतं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाची ती वाटी, जिच्यात उरलेला पाय बसतो. वाटी केसभर चुकली तर माणूस पाय कोपऱ्यात उभा करून ठेवतो आणि कुबड्या घेतो. म्हणून मापबाई प्रत्येक आकार पुन्हा पुन्हा घासत, आणि जमला की जपून ठेवत.

तो लॅपटॉप टकटक करू लागला. आधी कधीतरी, मग दर थोड्या वेळानं, दाराशी कुणी संकोची पाहुणा उभा असल्यासारखा. फाइल उघडायला सांगावी आणि चहा पिऊन यावं, तरी वाळूचं घड्याळ फिरतंच. मापबाईंचे धाकटे दीर संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत. त्यांनी फोनवरून तो आवाज ऐकला.

"वहिनी, हार्ड डिस्क चाललीय," ते म्हणाले. "आता तिला उगाच उघडबंद करू नका. जेवढा जीव उरलाय तेवढ्यात जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घेऊ."

नुसते आकार पेनड्राइव्हवर घेतले तर, असं मापबाईंनी विचारून पाहिलं. पण ते उघडणारी प्रणाली कोरणी यंत्राबरोबर आली होती, आणि ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. प्रणाली पुन्हा बसवायला जगात कुणाकडे काही नव्हतं. म्हणजे घ्यायची तर अख्खी डिस्क, नाहीतर काही नाही.

घाई होती ती एका पोस्टमनसाठी. त्याच्या कापलेल्या पायाला हाडाचा एक टोकदार कोपरा होता, आणि त्याला न दुखवणारी वाटी जमायला मापबाईंना अर्धं वर्ष लागलं होतं. तीच वाटी आता तडकली होती. त्याचा आकार लॅपटॉपमध्ये होता. मिळाला तर नवी वाटी दोन दिवसांत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. त्याची रजा संपत आली होती, आणि कुबड्यांवरचा पोस्टमन टपाल खात्याला नको होता.

नवी डिस्क आणि लॅपटॉप उघडायची परवानगी मागायला मापबाई भांडारात गेल्या. भांडारपाल हा नियम पाठ असलेला माणूस होता. त्याला समजूतदार म्हणण्याची चूक कुणी केली नव्हती.

"चालू आहे ना?" त्यानं विचारलं.

"चालू आहे, पण चाललीय."

"चाललीय म्हणजे गेली नाही. गेली की या."

"गेली की काय घेऊन येऊ? तिचा फोटो?"

भांडारपालानं खुलासा केला की बिघाड समितीसमोर सिद्ध झाला तरच वस्तू निकामी ठरते. समिती आली: तो स्वतः, संगणक कक्षाचे साहेब आणि हिशेब खात्यातले एक गृहस्थ, जे संपूर्ण तपासणीभर पंख्याखालून हलले नाहीत. सकाळभर टकटकणारा लॅपटॉप, तपासनीस आल्यावर वर्ग जसा हाताची घडी घालून बसतो, तसा गप्प झाला.

"उत्तम चालतोय की," साहेब म्हणाले. "बंद करून पुन्हा चालू करा बरं."

मापबाईंनी केला. साहेबांना खात्री हवी होती, म्हणून आणखी दोनदा केला. मग सगळ्या फाइली एकदम उघडून दाखवायला सांगण्यात आलं. चौथ्या खेपेला आतून खर्रकन आवाज आला आणि मापबाईंचा हात बटणावरून निघाला.

"साहेब, आजार आहे का हे बघायला तुम्ही आजाऱ्याला पळवताय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पंख्याखालच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

समितीनं शेरा मारला: तक्रारीत तथ्य आढळले नाही. फेरतपासणी पुढील आठवड्यात.

घरी मापबाईंनी भाजी अशी चिरली की यजमान स्वयंपाकघरात आले नाहीत. वस्तू मेल्याशिवाय आजारी धरायची नाही, आणि मेल्यावर वाचवायचं काय? हा नियम लिहिणाऱ्याला एकदा कुबड्यांवर चार जिने चढवायला हवं, असं त्या कढईला सांगत होत्या.

फेरतपासणीच्या दिवशी त्यांनी वेगळी तयारी केली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, तो फक्त तारेवर चालत असे. समिती आत शिरताना मापबाईंनी टेबलाखालचा प्लग चपलेच्या टोकानं ढिला केला. साहेबांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. टेबलाखाली वाकून बघणं कुणाच्याच कर्तव्यात बसत नव्हतं.

"आता कसं!" भांडारपाल म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान पसरलं.

निकामी ठरलेल्या लॅपटॉपची डिस्क विभागानं स्वतः काढून नष्ट करावी, असा पुढचा नियम होता. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. बदली लॅपटॉप त्याच दिवशी मिळाला. त्याच बनावटीचा, दुसऱ्या विभागातून आलेला. मापबाईंनी तो चालू केला तर पडदा काळाच. त्याचीही डिस्क नियमानुसार नष्ट करण्यात आली होती, आणि नव्या डिस्कसाठी वेगळी मागणी करायची होती. समितीमार्फत.

मापबाईंनी मागणी केली नाही. नष्ट करायची डिस्क पर्समध्ये टाकून त्या दिरांच्या दुकानात गेल्या. दिरांनी नवी डिस्क काढली, दोन्ही दुकानातल्या संगणकाला जोडल्या, आणि कुठली जुनी, कुठली कोरी, हे वहिनींकडून मोठ्यानं दोनदा वदवून घेतलं. उलटं झालं असतं तर कोरेपणाची नक्कल झाली असती.

"अडेल तिथं हट्ट करायचा नाही," ते म्हणाले. "सहज मिळतंय ते आधी. अडलेलं मागाहून, जमलं तर."

मापबाईंचा आयुष्यभराचा खाक्या नेमका उलटा होता, त्यामुळे दुपारभर हातावर हात ठेवून बसणं त्यांना फार जड गेलं. पडद्यावरची पट्टी सरकत होती, थांबत होती, एखादा तुकडा ओलांडून पुढे जात होती. ओलांडलेल्या तुकड्यांसाठी दीर परत मागे गेले, तेव्हा जुनी डिस्क तीन वेळा टकटकली आणि कायमची गप्प झाली.

नवी डिस्क बदली लॅपटॉपमध्ये बसवली आणि प्रणाली उघडली. पोस्टमनचा आकार उघडला, हाडाच्या कोपऱ्यासकट. अकरा जणांचे उघडले नाहीत. ते अकरा जण कधीतरी तडकलेली वाटी घेऊन येतील, पुन्हा प्लास्टरमध्ये उभे राहतील, आणि साहेबांना खात्री हवी होती म्हणून हे झालं, असं मापबाई त्यांना समजावत बसतील. समितीसमोरच्या त्या चार खेपा झाल्या नसत्या तर, असं त्यांनी दिरांना विचारलं. दिरांनी विषय बदलला.

आठवड्यानं भांडारातून पत्र आलं. सदर विभागाची डिस्क नष्ट झाल्याची, तसेच विभागात आजमितीस कोणतीही डिस्क व कोणताही रुग्ण-आकार अस्तित्वात नसल्याची नोंद घेण्यात आली असून, अशा परिस्थितीत विभागाचे काम तूर्त स्थगित समजण्यात यावे.

पोस्टमन सोमवारपासून कामावर आहे.