फोन अक्कांकडे जातो

फैजपूरच्या आमच्या केळीच्या ऑफिसात तीन दिवस ना फोन वाजला, ना ईमेल आला. दिल्लीचे व्यापारी तुटले असं समजून मालकांनी जेवण सोडलं. शेवटी धुळ्याकडचा एक मेकॅनिक बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने चपला बाहेर काढल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले. मग कॉम्प्युटर उघडून म्हणाला, “भाऊ, मशीन बठ्ठं बराबर शे, काहीच बिघाड नही. मेलबॉक्स तुमच्या शुभ सकाळच्या चित्रांनी भरलाय, आणि फोन तुम्हीच घरच्या नंबरवर वळवलेत.”

त्याने तो नंबर लावला. स्पीकरवर मालकांच्या आई, अक्का, बोलल्या, “बोला भाऊ, किती गाड्या भरू?”

तीन दिवसांत त्यांनी अकरा गाड्यांचा सौदा केला होता, तोही चढ्या भावाने.

“अक्का, मला सांगितलं का नाही?” मालक ओरडले.

“तू जेवायला बसतो कुठे? सांगू कधी?”

मालकांनी घाम पुसत फोन परत ऑफिसात वळवायला सांगितलं. मेकॅनिकने माउसवरचा हात उचलला.

“चालू काम बंद करनं, याले मी दुरुस्ती म्हनत नही, भाऊ.”

मेलबॉक्स रिकामा करून तो निघून गेला. फोन आजही अक्काच घेतात.