बाईंनी छपाई थांबवली

प्रा. रेजिना घोन्साल्विस बाईंची पहिली ओळख झाली ती परदेशात, हॅमिल्टन शहरातल्या गणेशोत्सवात. वसईच्या या कॅथलिक बाई सराईतपणे मोदक वळत होत्या आणि बोलत होत्या मध्ययुगातल्या चर्चच्या कायद्यावर. मी पुण्याचा, दुधाच्या कंपनीत संगणक सांभाळणारा. मला ओ की ठो कळलं नाही. तरी पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी अभ्यासाच्या टेबलाशी हजर होतो, आणि नंतर सहा वर्षं तो शनिवार चुकला नाही.

बाराव्या शतकात इटलीतल्या एका विद्वानाने एकमेकांना छेद देणारे धर्मनियम शेजारी शेजारी मांडून त्यांचा मेळ घातला. पुढच्या पंडितांनी त्या ग्रंथाच्या समासात टिपा लिहिल्या. कॅथलिक कायदा असा वाद घालत वाढला, हे बाईंनीच मला शिकवलं. बारा वर्षं खपून त्यांनी लिहिलेला ग्रंथ विवाहातल्या संमतीवर होता. त्याचा कणा म्हणजे त्या जुन्या ग्रंथातलं एकच वाक्य: मुलगी गप्प राहिली, तर तिचा होकार समजावा.

ग्रंथ छापखान्यात गेला. त्याची शब्दसूची संगणकावर करायचं काम माझ्याकडे होतं. ती करताना मी नुकत्याच आलेल्या सीडीवरची जुन्या पोथ्यांची छायाचित्रं ताडून पाहिली. सर्वांत जुन्या दोन पोथ्यांच्या मजकुरात ते वाक्य नव्हतंच! ते समासात होतं, दुसऱ्याच हस्ताक्षरात. पुढे कुणा नकलकाराने ती टीप मजकुरात घुसडली होती, आणि बाईंनी छापील प्रतीवर विश्वास ठेवला होता.

परदेशात मला हक्काचं घर बाईंचं एवढंच. ते आता तुटणार, असं धरूनच मी गेलो.

मी छापून नेलेली पोथ्यांची पानं बाईंनी भिंगातून पाहिली. "अरे देवा! एका नकलकाराच्या आळसापायी मी बारा वर्षं मुलींना गप्प बसवलं की रे!"

"बाई, पुढच्या एडिशनला फिक्स करू. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना? झालं तर."

माझ्यादेखत फोन उचलून त्यांनी छपाई थांबवली. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "जेवून आलायस का?"

ग्रंथ तीन वर्षांनी निघाला. जुनं, चुकलेलं विधान बाईंनी लपवलं नव्हतं. ते जसंच्या तसं छापून समासात माझ्या नावानिशी माझा आक्षेप दिला होता. मला आधी सांगितलंही नव्हतं. ते पान पाहून मला रडू आवरलं नाही.

आज बाई पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. या लेखाचा पहिला खर्डा त्यांना दाखवला, तेव्हा त्यांच्या चुकीचा उल्लेख मी टाळला होता. खर्डा परत आला. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "गप्प का बसलास?"

म्हणून हा पुन्हा लिहिला. बाई, ठणठणीत राहून शंभरी गाठा, आणि आमच्या समासांत तुमची पेन्सिल अशीच चालू दे.